जसं वाजवलं तसं

दादाने केबलचं एक टोक दातांत धरलं, दोन्ही हातांनी टेबल भिंतीपासून वीतभर ओढलं आणि मागच्या धुळीत मान घालून तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला. केबल काढल्यावर ते वाक्य पुन्हा म्हणावं लागलं: "हा लॅपटॉप आजपासून या खोलीत नको."

*

पान एकशे बारा, ओळ सातवी. दोन शब्दांमधली जागा जास्त. पेन्सिलीची बारीक खूण. ज्याने हे पुस्तक लिहिलं त्याला ती खूण कधीच दिसणार नाही.

*

जमिनीपासून साठ मीटरवर एक खुर्ची. खुर्चीच्या दोन्ही हातांवर एकेक दांडी. डावी दांडी क्रेनचा लांब हात फिरवते, उजवी हुक वर-खाली करते. मागे एक छोटा पंखा, आणि पाण्याची बाटली अडकवायला वाकवलेली तार.

*

कीबोर्ड दुरुस्तीची पावती. तक्रार: डावीकडच्या पट्ट्या जड लागतात. शेरा: साफ केला, दोष आढळला नाही.

*

पाच. नऊ. नऊ. तेरा. यापुढे वहीत काही नाही.

*

"अहो, टेबल ओढताय की भिंत पाडताय?" वहिनी दारात येऊन म्हणाली.

"लॅपटॉप काढतोय."

"काढा. पण आधी त्याच्यावरचा इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग काढा. महिनाभर तो लॅपटॉप नाहीच आहे, माझं कपाट आहे."

बहीण खुर्चीत बसून होती. मांडीवर छापखान्यातून आलेली पानं, कानावर पेन्सिल. ती त्याच इमारतीत दोन मजले वर राहायची, आणि शनिवारी दुपारी कामाची पानं घेऊन खाली यायची. तिघांपैकी दोघं वाजवायची. दादा कीबोर्ड वाजवायचा, बहीण एका लहान सिंथवर खालचे जाड सूर धरायची आणि रेकॉर्डिंगचं सगळं बघायची. ताल एक जुनं ड्रम मशीन द्यायचं. वहिनी ऐकायची आणि तक्रार करायची. ही नेमणूक तिने स्वतःच केली होती.

"का पण?" बहिणीने विचारलं. "चांगला चाललाय की लॅपटॉप."

"सहा दिवस क्रेनच्या केबिनमध्ये पडद्यावरचे आकडे बघतो मी. भार किती, लांबी किती, वारा किती. सुट्टीच्या दिवशी पुन्हा पडदा? मला बटणं दाबू दे. गोल फिरवायचं काहीतरी असू दे हाताखाली." त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. "सिक्वेन्सर घ्यायचा. वेगळा, खोक्यासारखा. मी वाचून ठेवलंय. दुकानात दोन आहेत, आज बघायला जाऊ."

"मी असते ना रेकॉर्डिंगला. तुला कशाला डोकेदुखी?"

"तेच तर. तू नसताना मला साधं एक गाणंसुद्धा भरता येत नाही. पन्नाशी उलटली माझी, खाडाखोड, मला माझी यंत्रं चालवता यायला हवीत."

खाडाखोड हे तिचं घरातलं नाव. लहानपणी ती दादाच्या शाळेच्या वह्या चोरून वाचायची आणि त्यातल्या चुका दुरुस्त करून ठेवायची. पुढे त्याचाच तिला पगार मिळू लागला.

तिने पानं नीट जुळवून पिशवीत ठेवली. एक पान उलटं गेलं. ते तिच्या लक्षात आलं नाही, आणि असं सहसा होत नसे.

*

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट इथेच सांगून टाकलेली बरी, कारण दुकानात जाईपर्यंत तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

लॅपटॉपवर वाजवलेला प्रत्येक सूर एका छोट्या काडीसारखा दिसतो. एका ठोक्याचे शहाण्णव बारीक भाग केलेले असतात, आणि काडी नेमक्या कुठल्या भागावर सुरू झाली ते मोजता येतं. एका शनिवारी दादा वाजवून उठला, चहा घ्यायला गेला, आणि तिला दिसलं की त्याच्या डाव्या हाताच्या सगळ्या काड्या ठोक्याच्या जराशा पुढे, म्हणजे उशिरा, पडल्या आहेत. पाच भागांनी. उजव्या हाताच्या जागच्या जागी होत्या.

तिने डाव्या हाताच्या काड्या निवडल्या आणि पाच भाग मागे सरकवल्या.

छापखान्यात तिला काम शिकवणारा म्हातारा मुद्रितशोधक म्हणायचा, आपलं काम कुणाला दिसलं तर आपण चुकलो. लेखकाला विचारायच्या शंका वेगळ्या कागदावर लिहायच्या, पण साधी चूक निमूटपणे दुरुस्त करायची आणि विसरायची. लेखकाला वाटायला हवं की आपण असंच लिहिलं होतं. ती हे पंचवीस वर्षं करत आली होती. सरकवणं तिच्या हातात बसलेलं होतं, दाराची कडी लावावी तसं.

पुढच्या वेळी नऊ. मग पुन्हा नऊ. मग तेरा. तिने वहीच्या मागच्या पानावर आकडे लिहिले, शंकेच्या कागदावर लिहितात तसे, तारखेसह. दमला असेल, तिने मनाशी म्हटलं. दिवसभर उन्हात, काचेच्या खोलीत. तेरानंतर तिने आकडे लिहायचं सोडलं. सरकवायचं सोडलं नाही.

आणि दादा दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर सगळ्यांना ती गाणी ऐकवायचा. "वय वाढतंय तसा हात सुधारतोय," असं सांगायचा.

*

दुकान लांबट होतं. आत जाताना दोन्ही बाजूंना गिटारी टांगलेल्या, आणि शेवटी एका टेबलावर कीबोर्ड. दुकानदाराने दोन्ही यंत्रं त्याच्या शेजारी आणून ठेवली.

"सिक्वेन्सर माहितीये ना साहेब? नाही, विचारून घेतलेलं बरं. गेल्या आठवड्यात एक जण घेऊन गेला आणि परत आला, म्हणे यातून आवाजच येत नाही. आता आवाज यातून कसा येईल! हा फक्त लक्षात ठेवतो. कुठली पट्टी दाबली, कधी, किती जोरात, कधी सोडली. मग ही मिडी केबल लावली की तुमच्या वाद्यांकडून तेच वाजवून घेतो."

"माहितीये," दादा म्हणाला. "दोघांत फरक काय?"

"हा," दुकानदाराने सोळा बटणांच्या यंत्रावर हात ठेवला, "शाळेतला मास्तर. सोळा खाचा. तुम्ही कसंही वाजवा, सूर जवळच्या खाचेत जाऊन बसणार. चूक करूच देत नाही." मग त्याने दुसऱ्या, काळ्या, लहान खिडकीच्या यंत्राकडे बोट केलं. "आणि हा शेजारी. जे केलं ते जसंच्या तसं लक्षात ठेवतो, आणि विचारलं की सांगतो."

दादा हसला. बहीण हसली नाही.

"आपल्याला मास्तर बरा," ती म्हणाली. "बटणं मोठी आहेत. सोळाच आहेत, गोंधळ नाही."

"पण तो सगळं खाचेत बसवतो म्हणतायत."

"मग चांगलंच आहे ना."

"चांगलं काय त्यात? माणसाने थोडं मागेपुढे वाजवलं की गाणं जिवंत वाटतं. तूच म्हणतेस."

"मी कधी म्हटलं?"

"कायम म्हणतेस. लॅपटॉपवर ऐकताना. 'दादा, अगदी जिवंत वाटतंय.'"

तिने मास्तरची दोन-तीन बटणं दाबून पाहिली. ती चांगली टणक होती. "आणि हा वजनालाही हलका आहे," ती म्हणाली.

"तुला उचलून न्यायचाय का तो कुठे? टेबलावरच राहणार आहे." त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. "आज एवढा आग्रह कशाचा, खाडाखोड? एरवी पेन घ्यायला तुला तीन दुकानं लागतात."

"वाजवून बघा ना साहेब," दुकानदार म्हणाला. "बोलून थोडंच कळणार आहे."

त्याने काळ्या यंत्राची केबल कीबोर्डला लावली. कीबोर्डातून ठोका पडू लागला: टक, टक, टक, टक. दादाने शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि नेहमीचं गाणं सुरू केलं, त्याचं स्वतःचं, संथ, डाव्या हाताने चार जाड सूर एकामागून एक आणि उजव्या हाताने वर फिरणारं काहीतरी. त्याने डोळे मिटले होते. दुकानदाराने मान डोलावली, गिऱ्हाइकासमोर डोलावतात तितकीच. गाणं संपलं. दुकानदाराने वाजवायचं बटण दाबलं.

गाणं छान वाजलं. दादा म्हणाला, "वा." दुकानदार म्हणाला, "बांधू का?" आणि भाऊ-बहीण खोकं घेऊन घरी गेले.

ही नीट केलेली आवृत्ती. बहिणीने ती दुकानात शिरायच्या आधीच मनात तयार करून ठेवली होती.

पुन्हा.

दुकानदाराने वाजवायचं बटण दाबलं. कीबोर्ड आपोआप वाजू लागला. उजवा हात ठोक्यावर उतरला, आणि त्याच्या मागून, जिना चढताना दम लागलेल्या माणसासारखा, डावा आला. पुन्हा उजवा. मग डावा. चारही सूर. प्रत्येक वेळी.

दादाने डोळे उघडले.

"हे काय?"

"काय साहेब?"

"हे मी वाजवलेलं नाही. यंत्राचं घड्याळ बिघडलंय."

"असं होत नाही साहेब, पण थांबा." दुकानदाराने स्वतः दोन ओळी वाजवल्या आणि ऐकवल्या. दोन्ही हात एकत्र पडत होते. "बघा. माझं वाजवणं रद्दी आहे, पण घड्याळ बरोबर आहे."

"खाडाखोड, तू वाजव."

"मला काय येतंय..."

"वाजव म्हटलं ना."

तिने वाजवलं. एकदा मुद्दाम डावा हात रेंगाळू द्यावा असं तिच्या मनात आलं. बोटांनी ऐकलं नाही. सगळं जागच्या जागी पडलं.

दादाने खुर्ची पुढे घेतली. आता तो गाणं वाजवत नव्हता. आधी फक्त उजवा हात, आठ ठोके. ऐकलं. मग फक्त डावा, आठ ठोके. ऐकलं. बारीक नट शोधणाऱ्या माणसासारखा तो एकेक गोष्ट बाजूला काढत होता. उजवा बरोबर. डावा उशिरा. मग पुन्हा डावा, आणि या वेळी त्याने दात आवळले, खांदा आवळला, ठोक्याच्या आधीच पोहोचायचं ठरवलं. तरी उशिरा.

"त्या खिडकीत काय लिहिलंय?" त्याने विचारलं. "अधिक एकोणीस म्हणजे?"

"ठोक्याचे शहाण्णव भाग असतात साहेब. अधिक म्हणजे उशिरा. वजा असतं तर घाई."

"एकोणीस म्हणजे खूप?"

दुकानदाराला एव्हाना काहीतरी जाणवलं होतं. तो कापडाने यंत्र पुसू लागला. "आता... कसं वाजवायचं त्यावर आहे. काही लोक मुद्दाम रेंगाळतात. स्टाइल असते."

"लॅपटॉपवर असं कधी ऐकू आलं नाही," दादा बहिणीकडे न बघता म्हणाला.

"लॅपटॉप आपोआप नीट करतो," ती म्हणाली. वाक्य तयार होतं. दोन वर्षांपासून तयार होतं.

"अच्छा." त्याने खिडकीतला आकडा पुन्हा पाहिला. मग त्याच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. "मग बरोबर. तो आपोआप करायचा, हा करत नाही. एवढंच. या काळ्याचं माझ्याशी जमणार नाही." त्याने उठून बाह्या खाली केल्या. "तो मास्तरच बांधा. हीच म्हणत होती खरं."

"उत्तम निवड," दुकानदार म्हणाला आणि खोकं आणायला मागच्या खोलीत गेला.

*

तिला हवं होतं ते मिळालं होतं.

मागच्या खोलीतून खोकी सरकवल्याचे आवाज येत होते. दादा भिंतीवरच्या एका गिटारीच्या तारेवर बोट फिरवत होता. उजव्या हाताचं.

त्याच्या कामात झोका पकडणं म्हणून एक गोष्ट असते. ती त्याने तिला कधीतरी जेवणाच्या टेबलावर चमचा आणि दोरा घेऊन समजावली होती. भार दोराला लोंबकळतो. क्रेनचा हात थांबवला तरी भार थांबत नाही, पुढे झुलतो. तेव्हा हात नेमक्या क्षणी त्याच्या मागे न्यायचा, भार झोक्याच्या टोकाला असताना, म्हणजे तो मुकाट्याने खाली लोंबतो. आधी नेला तर झोका वाढतो, नंतर नेला तरी वाढतो. "यात आणि वाजवण्यात फरक नाही," तो म्हणाला होता. "दोन्हीकडे डाव्या हाताचं काम."

"सोमवारी काय आहे?" तिने विचारलं.

"कशाचं?"

"कामावर."

"काच. बाराव्या मजल्याची तावदानं चढवायचीत. चार माणसं गच्चीच्या कडेवर धरायला उभी असतात." त्याने तार सोडली. "का?"

तिने कानावरची पेन्सिल काढली. ती घरापासून तिथेच होती. ती हातात धरून तिला काय करायचं ते कळेना, म्हणून तिने ती काउंटरवर ठेवली. पेन्सिल घरंगळली, आणि दादाने ती उजव्या हाताने अलगद अडवली.

"लॅपटॉप आपोआप काही करत नाही," ती म्हणाली.

"मग?"

"मी करत होते."

तो पेन्सिलीकडे बघत राहिला.

"तू चहाला गेलास की."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. जास्तच."

"प्रत्येक वेळी?"

"डाव्या हाताचं. हो."

"आणि उजव्याचं?"

"कधी लागलंच नाही."

मागच्या खोलीत काहीतरी पडलं आणि दुकानदाराने स्वतःलाच शिवी दिली. दादाने डावा हात काउंटरवर पालथा ठेवला. अंगठा जरासा आत वळला होता. त्याने तो उजव्या हाताने सरळ करून ठेवला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"पहिल्यांदा किती होतं?"

"पाच."

"मग?"

"नऊ. दोनदा. मग तेरा. मग मी मोजलं नाही."

"का नाही मोजलंस?"

 तिच्या कामात चुका मोजायच्या नसतात, असं काहीतरी ती म्हणू शकली असती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते या क्षणी उगाच आलं असं तिला वाटलं, म्हणून तिने मान वळवून गिटारींकडे बघितलं.

"आणि मी सगळ्यांना ऐकवत होतो," दादा म्हणाला. "वय वाढतंय तसा हात सुधारतोय."

"दादा..."

"तो सळ्या बांधणारा म्हणाला होता, काका, तुमचा हात म्हणजे मशीन आहे." तो नाकाने हसला. ते हसू पुरतं बाहेर आलं नाही. "मंगळवारी त्याच्याच अंगावर गठ्ठा झुलवला मी."

तिने वळून बघितलं.

"सळ्यांचा. दोन टन. हात मागे नेला, पण झोका निघून गेला होता. खालून हा ओरडला आणि बाजूला उडी मारली. काही झालं नाही. हेल्मेट पडलं फक्त. त्याने ते उचललं, बाहीने पुसलं आणि मला खालून अंगठा दाखवला, सगळं ठीक म्हणून." दादाने पेन्सिल तिच्याकडे सरकवली. "कामाच्या नोंदवहीत मी कारण वारा लिहिलं. वारा नव्हता त्या दिवशी."

"तू घरी सांगितलं नाहीस."

"तू तरी कुठे सांगितलंस?"

हे तो जोरात म्हणाला नाही. जोरात म्हणाला असता तर तिला सोपं गेलं असतं.

*

दुकानदार खोकं घेऊन आला. कपाळाला धूळ लागलेली. "हा घ्या मास्तर! अगदी वरच्या फळीवर बसला होता, मास्तरच तो."

"हा नको," दादा म्हणाला. "तो काळा द्या."

"पण मघाशी तुम्ही..."

"आमच्या घरी एक नीट करणारी आधीच आहे. दोन झाल्या तर आम्हाला काहीच ऐकू यायचं नाही."

दुकानदाराने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. घराघरांत काय काय चालतं ते आपण विचारायला जाऊ नये, अशा बेताने त्याने मास्तरला खाली ठेवलं.

"त्या खिडकीतले आकडे," दादाने विचारलं, "राहतात का आत? तारखेसह?"

"प्रत्येक रेकॉर्डिंगचे राहतात साहेब. शेजारी म्हटलं ना मी. कशाला हवेत?"

"दाखवायचेत एकाला."

बाहेर ऊन होतं. फुटपाथवर दादाने खोकं उजव्या काखेत घेतलं. तिने हात पुढे केला, तो त्याने पाहिला आणि खोकं दिलं नाही. पुढच्या कोपऱ्यावर तो थांबला, खोकं एका भिंतीवर टेकवलं आणि फोन लावला. तिला एकच बाजू ऐकू येत होती.

"हां, मुकादम. सोमवारी माझ्या जागी दुसरा माणूस बघा. ... नाही, ताप नाही. ... लग्न कुणाचं असणार आता! ... हात. ... डावा. ... नाही, पडलो-बिडलो नाही कुठे." मग तो बराच वेळ नुसता ऐकत होता. "मंगळवारचं आहे ना, सळ्यांचं, ते मी वारा लिहिलंय. ते बदलायचं. ... मी येऊन बदलतो. ... हो, माझ्याच सहीने."

फोन खिशात ठेवताना तो चुकला. दुसऱ्यांदा खिसा सापडला.

"सव्वीस वर्षं," तो म्हणाला. कुणाला उद्देशून ते कळलं नाही.

ते चालू लागले. तो नेहमी चालायचा त्यापेक्षा हळू चालत होता, का नेहमीच एवढ्या वेगाने चालायचा, हे ती आठवून पाहत होती. त्याचा डावा हात चालताना हलत नव्हता. उजव्या काखेत खोकं होतं, त्यामुळे उजवाही हलत नव्हता, आणि दुरून बघणाऱ्याला काहीच वेगळं दिसलं नसतं.

*

घरी वहिनीने टेबल पुसून ठेवलं होतं. लॅपटॉप कपड्यांसकट बेडरूममध्ये गेला होता.

"एवढंसंच?" खोकं उघडल्यावर ती म्हणाली. "एवढ्याशासाठी दुपार घालवलीत? मला वाटलं फ्रिजएवढं काहीतरी आणाल."

दादाने केबल लावल्या. माहितीपुस्तिकेत कुठेतरी एक पान होतं, वाजवलेलं आपोआप नीट करायचं असेल तर काय करावं. त्याने ते वाचलं आणि पुस्तिका बहिणीच्या मांडीवर टाकली. "यात चुका असतील. बघ."

मग तो वाजवायला बसला. तेच संथ गाणं. वाजवून झाल्यावर उठला नाही, चहाला गेला नाही, बटण दाबून हात मांडीवर ठेवून ऐकत राहिला. बहीणही ऐकत राहिली. वहिनी दारात उभी होती, हातात घडी घातलेला टॉवेल. दुसऱ्या ओळीला तिच्या कपाळाला आठी पडली.

"अहो, हे असं काय वाजतंय?"

"कसं?"

"कुणीतरी मागे राहिल्यासारखं."

"हो," दादा म्हणाला.

"मग नीट करायला सांगा की हिला. हीच करते ना सगळं?"

 गाणं संपलं आणि यंत्राने ते पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं. वहिनीने दादाकडे पाहिलं, मग नणंदेकडे, आणि टॉवेल खुर्चीच्या पाठीवर ठेवून ती सावकाश दादाच्या डाव्या बाजूला येऊन बसली. तिने त्याचा हात हातात घेतला नाही. नुसता बघितला.

"हा असा कधीपासून ठेवता तुम्ही?" तिने विचारलं.

दादाने मान बहिणीकडे वळवली. 

बहिणीने माहितीपुस्तिका मिटली आणि बोलायला सुरुवात केली.

गेल्या वर्षी क्रेनचालकांच्या वैद्यकीय तपासणीच्या फॉर्मवर, तिसऱ्या पानावर, 'हालचालींत काही बदल घरच्यांना जाणवला आहे का?' असा एक रकाना होता. दादाचं अक्षर कुणाला लागत नाही म्हणून तो फॉर्म बहिणीने भरला होता, आणि त्या रकान्यात तिने 'नाही' असं लिहिलं होतं.